सीटी स्कॅनचं चित्र येतं कुठून?

गैरसमज १ : यंत्र शरीराच्या आतला फोटो काढतं.
वस्तुस्थिती : क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना किती क्षीण झाले, एवढंच यंत्र मोजतं. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन केला. त्यात १८० कोनांतून प्रत्येकी १६०, म्हणजे २८,८०० मोजमापं होत. चित्र ८० बाय ८० चौकटींचं, म्हणून शोधायच्या संख्या ६,४०० : प्रत्येक चौकट किरणाला किती क्षीण करते ते. प्रत्येक मोजमाप ही एक अट : किरणाच्या वाटेवरच्या चौकटींनी मिळून त्याला नेमकं एवढंच क्षीण केलं पाहिजे.

गैरसमज २ : एवढी समीकरणं एकदमच सोडवावी लागतात.
वस्तुस्थिती : पोलिश गणिती स्टेफान काचमाश यांनी १९३७ मध्येच सोपी वाट दाखवली होती. कोऱ्या चित्रापासून सुरुवात करायची. एक अट घ्यायची आणि ती पाळली जाईल इतपतच, कमीत कमी बदल करायचा. गणितात याला प्रक्षेपण म्हणतात. मग पुढची अट; सगळ्या संपल्या की पहिलीपासून नवी फेरी. ती पाळताना आधीची थोडी मोडते. पण अटी परस्परविरोधी नसतील, तर फेऱ्यांगणिक चित्र सगळ्या अटी पाळणाऱ्या उत्तराकडे सरकतं.

गैरसमज ३ : भरपूर मोजमापं म्हणजे अचूक उत्तर.
वस्तुस्थिती : मोजमापांत त्रुटी असतातच. त्यामुळे अटी एकमेकींशी भांडतात आणि चित्र हेलकावत राहतं. म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण दुरुस्ती न करता थोडीच करतात.

गैरसमज ४ : फेऱ्या वाढवल्या की उत्तर मिळणारच.
वस्तुस्थिती : सीटीतल्या अटी सरळ, म्हणजे रेषीय समीकरणांच्या असतात. क्ष-किरण विवर्तनात मात्र फक्त तीव्रता नोंदली जाते, कला (लाट चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) हरवते. तिथे नुसती आलटूनपालटून प्रक्षेपणं केली, तर गणित बऱ्याचदा भलत्याच जागी अडकतं. जेम्स फिनप आणि वाइट एल्सर यांनी त्यातून सुटण्याच्या रीती शोधल्या. एल्सर यांची रीत सुडोकूही सोडवते.

गैरसमज ५ : प्रत्येक स्कॅनर अशाच फेऱ्या मारतो.
वस्तुस्थिती : अनेक दशकं, फेऱ्यांविना मोजमापांवरून चित्र देणाऱ्या थेट सूत्राचीच चलती होती. त्यात जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्या १९७१ च्या शोधनिबंधाचा मोठा वाटा आहे. संगणक वेगवान झाल्यावर फेऱ्या परतल्या. किरणांची मात्रा कमी केली की मोजमापांतल्या त्रुटी वाढतात; तेव्हा ‘किरण क्षीण होण्याचं प्रमाण ऋण असू शकत नाही’ यासारख्या जादा अटी ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात.