सायकलचा दिवा : हलका की टिकाऊ?

तुमच्यापैकी कितीतरी जण सायकलने ये-जा करतात. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. शिकवणी सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो. अशा वेळी सायकलला दिवा हवाच. दिव्यामुळे आपल्याला खड्डा दिसतो आणि समोरच्या वाहनचालकाला आपण दिसतो.

पूर्वी सायकलला डायनॅमो लावत. तो चाकाला घासून फिरे व वीज तयार करी. पण सायकल थांबली की दिवाही विझे. आता बॅटरीवर चालणारे एलईडी दिवे मिळतात. जुन्या बल्बमधली बारीक तार हादऱ्याने तुटे. एलईडीत अशी तार नसते.

मग दिवा बिघडतो कशाने? पाणी आत गेल्याने, कवच फुटल्याने किंवा हँडलवरची पट्टी तुटल्याने. म्हणून दिवा घेताना मजबुती पाहावी लागते. ॲल्युमिनियमचे कवच मजबूत असते. ते आतली उष्णताही लवकर बाहेर टाकते. प्लॅस्टिकचे कवच हलके असते. पण आपटले तर तडकू शकते.

आता वजनाचा हिशेब करू या. साधी काळी सायकल सुमारे २० किलोची असते. समजा, दोन दिव्यांच्या वजनात १०० ग्रॅमचा फरक आहे. हा सायकलच्या वजनाचा फक्त दोनशेवा भाग झाला! पाय मारताना तो जाणवणारही नाही. शर्यतीत भाग घेणारा सायकलपटू मात्र एवढ्या वजनाचाही विचार करतो.

तर मग सर्वांत जड दिवा घ्यावा का? नाही. सायकल खड्ड्यात आदळली की जड दिवा पट्टीला जास्त हिसका देतो. पट्टी सैल होते, दिवा खाली झुकतो आणि उजेड रस्त्याऐवजी चाकावर पडतो. म्हणजे नको तितके वजन मजबुतीचे शत्रूच ठरते.

म्हणून दुकानात दिवा नुसता हातात तोलू नका. तो हँडलवर बसवून हलवून पाहा. त्यावर ‘आयपीएक्स ४’ असे लिहिले असेल, तर सर्व बाजूंनी उडणारे पाणी तो सोसतो. ‘आयपीएक्स ७’ असेल, तर १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे राहूनही तो बिघडत नाही. पावसाळ्यात ही खूण फार उपयोगी पडते.

जड असते ते सारे टिकाऊ नसते आणि हलके असते ते सारे कच्चे नसते. ऐन अंधारात साथ सोडत नाही, तोच दिवा चांगला.