सायकलप्रवासाचे टप्पे कसे आंखावेत



सायकलीवरून लांबचा प्रवास म्हटला म्हणजे मुंबईच्या सहा पारशी तरुणांची आठवण होते. १९२३ सालीं ते पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. १९२८ सालीं ती पुरी करून परतले ते तिघेच. आपला बेत एवढा मोठा नाहीं. विजयदुर्गाहून मालवणावरून रेडीपर्यंत किनाऱ्यानें जावें, इतकाच आहे. परंतु लहान प्रवासासहि आंखणी लागते, हें मी एका विद्यार्थ्याच्या जिवावर बेतलें तेव्हां शिकलों.

त्या वेळीं मी तरुण शिक्षक होतों. आठ मुलें बरोबर होतीं. नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजलें, त्यास दिवसांच्या संख्येनें भागलें, आणि देवगड ते मालवण हा सुमारें ५० किलोमीटरांचा मार्ग एका दिवसाच्या वांट्यास लावला. भागाकार बिनचूक होता. मोजमाप चुकलें होतें. कोंकणांतला रस्ता सपाट नसतो. खाडीच्या कांठीं उतरावें, पूल ओलांडावा, आणि लगेच घाटी चढून जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर यावें, असें पुनःपुन्हां घडतें. सड्यावर सावली नाहीं कीं पाणी नाहीं. तेथें भर दुपारीं एक मुलगा घेरी येऊन पडला. खालच्या वाडींतील लोकांनीं त्याला उचलून सावलींत नेलें. सावध झाल्यावर मीठ घातलेली पेज पाजली.

तेव्हांपासून माझा नियम असा, कीं टप्पा केवळ अंतरानें मोजूं नये. खाड्या, चढ आणि ऊन हींहि हिशेबांत धरावीं. देवगड–मालवण हा मार्ग दोन दिवसांचा करावा. पहिल्या दिवशीं कुणकेश्वराचें दर्शन घेऊन आचऱ्यास मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशीं सकाळींच मालवण गांठावें, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला स्वस्थपणें पाहतां येतो. पुढें कर्लीची खाडी आहे. नकाशांत देवबाग आणि भोगवें समोरासमोर दिसतात. परंतु मध्यें खाडीचें मुख असल्यामुळें रस्त्यानें जाणाऱ्यास आंत वळून पूल गांठावा लागतो. म्हणून मालवण–वेंगुर्लें यास पुरा दिवस द्यावा. शेवटचा टप्पा आंखूड असावा. १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह झाला त्या शिरोड्यास थांबण्यास वेळ उरला पाहिजे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दुपारीं वारा बहुधा वायव्येकडून येतो. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेस जावें. उजाडतांच निघून अकराच्या आंत मुक्काम गांठावा. वेग सर्वांत अशक्त सोबत्याचा धरावा, आणि एक दिवस मोकळा राखावा. सायकल मोडण्याचा दिवस आपल्याला विचारून येत नाहीं.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. गेल्या वर्षीं आपल्या मुलास घेऊन त्याच वाटेनें निघण्यापूर्वीं त्यानें मला टप्प्यांचा कागद आणून दाखवला. आचऱ्याचा मुक्काम त्यांत होता.