ज्युदो : तत्त्वविचार आणि मूलभूत तंत्रे (कोल्हापूर परिसरातील कुस्ती-परंपरेच्या संदर्भात)

प्रास्ताविक

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले, ही घटना सर्वपरिचित आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्याच गटात त्यांचा पराभव करणारे व सुवर्णपदकाचे मानकरी ठरलेले जपानचे शोहाची इशी हे मूळचे ज्युदोपटू होते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर निर्बंध आल्याने ते कुस्तीकडे वळले होते. तालमीच्या मातीत घडलेला मल्ल आणि ज्युदोच्या संस्कारात वाढलेला मल्ल यांची ही गाठ अभ्यासकाला विचार करायला लावणारी आहे. कोल्हापूर, इचलकरंजी परिसरातील महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचा विचार करताना ज्युदो हा ‘परका’ खेळ मानण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत लेखात ज्युदोची वैचारिक बैठक व प्राथमिक तंत्रे येथील कुस्तीच्या परिभाषेतून स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कानो यांची भूमिका

ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो (1860–1938) हे व्यवसायाने शिक्षक होते. टोकियो उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी दीर्घकाळ भूषविले. 1909 मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. तरुणपणी त्यांनी जुजुत्सूच्या तेन्जिन शिन्यो व कितो या दोन परंपरांचे शिक्षण घेतले आणि 1882 मध्ये टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात ‘कोदोकान’ची स्थापना केली. तेथे शिष्य होते नऊ आणि चटया होत्या बारा. ‘जुत्सू’ म्हणजे कौशल्य आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. हा शब्दबदल त्यांनी जाणीवपूर्वक केला. प्रतिस्पर्ध्याला लोळविण्याच्या कौशल्यापेक्षा माणूस घडविण्याचा मार्ग त्यांना अभिप्रेत होता.

‘जु’ या शब्दाचे भाषांतर सामान्यतः ‘मृदुता’ असे केले जाते व त्यातून बराच गैरसमज निर्माण होतो. येथे मृदुता म्हणजे दुर्बलता नव्हे, तर विरोधाला विरोध न करता त्याच्या दिशेने वळणे होय. कानो यांनी हे अंकगणिताने समजाविले आहे. समोरच्याचे बळ 10 व आपले 7 असेल, आणि त्याने ढकलल्यावर आपण अडून राहिलो, तर हार निश्चित. परंतु आपण तोल सांभाळून मागे सरलो, तर तो पुढे झुकतो व त्याचे उपयोगी बळ 3 वर येते. आपले 7 मात्र शाबूत असतात. किंबहुना त्यातील निम्मेच वापरले तरी पुरे. यातूनच ‘सेइर्योकु झेन्यो’ (शक्तीचा सर्वोत्तम विनियोग) हे तत्त्व आले. त्याचे दुसरे अंग ‘जिता क्योएइ’ (स्वतःचा व इतरांचा समवेत उत्कर्ष) हे होय. ते केवळ नीतिवचन म्हणून पाहणे योग्य नाही, कारण सरावात जोडीदार स्वतःहून आपले शरीर फेकण्यासाठी देतो आणि त्याला सुखरूप जमिनीवर उतरविणे ही फेकणाऱ्याची जबाबदारी असते.

मूलभूत तंत्रे

प्रत्येक फेकीचे तीन टप्पे मानले जातात : कुझुशी (तोल मोडणे), त्सुकुरी (आपले अंग योग्य जागी नेणे) आणि काके (प्रत्यक्ष फेक). नवशिक्याचे सर्व लक्ष तिसऱ्या टप्प्यावर असते, परंतु फेक यशस्वी होते ती पहिल्यामुळे. उभ्याने करावयाच्या फेकी हात, कंबर व पाय यांच्या प्राधान्यानुसार वर्गीकृत आहेत. स्वतः जमिनीवर पडून करावयाच्या फेकींचा वर्ग निराळा आहे. जमिनीवरील तंत्रांत दाबून धरणे, गळा आवळणे आणि सांध्यावर ताण देणे असे तीन प्रकार येतात. कोदोकानने 1920 मध्ये सुधारलेल्या ‘गोक्यो’ या क्रमात 40 फेकी समाविष्ट आहेत.

येथील मल्लाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. ‘सेओइ-नागे’ पाहताच त्याला धोबीपछाड आठवेल आणि ‘ओ-गोशी’ पाहून ढाक. फरक पकडीचा आहे. लंगोट कसलेल्या उघड्या अंगावर मनगट, दंड व मान एवढेच हाती लागते. ज्युदोत जाड सुती अंगरख्याची बाही व गळपट्टी धरता येते, त्यामुळे तोल दुरूनही मोडता येतो. दुसरा फरक नियमांचा. हाताने पाय धरण्यावर आंतरराष्ट्रीय ज्युदोत 2010 पासून निर्बंध आले व 2013 मध्ये पूर्ण बंदी झाली. साहजिकच पट काढण्यात तरबेज असलेल्या मल्लाला आपले हुकमी हत्यार बाजूला ठेवावे लागते. चितपट व ‘इप्पोन’ यांतही साम्य अपुरे आहे. कुस्तीत खांदे टेकले की निकाल लागतो, तो कसाही टेकवला तरी. ज्युदोत पाठीवर पाडताना वेग, जोर व नियंत्रण यांचाही विचार होतो.

पडण्याचे शिक्षण

ज्युदोतील पहिला पाठ ‘उकेमी’चा, म्हणजे सुरक्षित पडण्याचा असतो. हनुवटी छातीशी घेणे, पाठ गोलाकार ठेवणे आणि तळहातासह संपूर्ण हात जमिनीवर आपटून आघात विभागणे ही त्याची अंगे होत. तालमीत हे वेगळे शिकवावे लागत नाही, कारण ताक, तेल, हळद घालून कमावलेली, रोज उकरलेली माती बराचसा आघात स्वतः झेलते. सभागृहातील पातळ चटई तसे करीत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. खुद्द जपानमध्ये 1983 नंतरच्या सुमारे तीन दशकांत शालेय ज्युदोत शंभरहून अधिक विद्यार्थी दगावल्याचे तेथील संशोधनातून पुढे आले. 2012 मध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकलांचे शिक्षण सक्तीचे होताना त्यावर मोठी चर्चा झाली. डोक्याच्या दुखापती हे प्रमुख कारण होते आणि नवशिके विद्यार्थी त्यांत अधिक होते. पाय मागून उडवून पाठीवर पाडणारी ‘ओ-सोतो-गारी’ ही फेक विशेष धोक्याची ठरली. आपल्याकडे विद्यार्थिनींसाठी आठवडाभराची स्वसंरक्षण शिबिरे भरतात, त्यांत पहिल्याच दिवशी फेकी दाखविण्याचा मोह होतो. तो टाळावा. एवढ्या अवधीत उकेमी, पकड सोडविणे व तोल मोडणे इतके जरी नीट शिकवून झाले तरी शिबिर सार्थकी लागले म्हणावे. फेकींसाठी वर्षभराचा नियमित वर्ग व जाड मॅट या दोन्हींची तजवीज आधी करावी लागते.