सुरेल मंडळींची फाटाफूट

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत अद्यापहि एखाद्या घरीं जुनें नाट्यपद लागलें, कीं वडील मंडळी बोलणें थांबवितात. मग बालगंधर्वांची थोरवी निघते, आणि "तो काळच गेला" असा सुस्कारा टाकून विषय संपतो. पण तो काळ आपोआप गेला नाहीं. गाणारीं माणसें एका छपराखालीं टिकलीं नाहींत, म्हणूनहि तो गेला. ही हकीकत एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या वाचकांस परकी वाटणार नाहीं.

अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 31 ऑक्टोबर 1880 रोजीं पुण्यास 'शाकुंतला'चा प्रयोग केला, व दोन वर्षांनीं 'सौभद्र' रंगभूमीवर आणलें. 1885 सालीं अण्णासाहेब निवर्तले, तरी मंडळी तगली. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यानें महाराष्ट्रास वेड लाविलें. 1901 सालीं तेहि गेले. पुढें 1905 सालीं नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, मंडळींत आले आणि भाग्य पुन्हा उजळलें. 12 मार्च 1911 रोजीं 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली; तरी त्यांनीं प्रयोग चुकविला नाहीं. मंडळीविषयीं एवढी निष्ठा ज्याची, तोच दोन वर्षांनीं मंडळी सोडून निघाला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

मध्यंतरीं, 1911 सालींच, नानासाहेब जोगळेकर वारले. कारभार शंकरराव मुजुमदारांच्या हातीं राहिला. कारभार एकाचा आणि कमाई दुसऱ्याच्या गळ्याची, अशा स्थितींत मनें फार दिवस स्वच्छ राहत नाहींत. 1913 सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनीं 'गंधर्व नाटक मंडळी' काढिली.

परंतु वेगळी चूल मांडल्यानें जुनी खोड सुटतेच असें नाहीं. थोड्याच वर्षांत टेंबे बाहेर पडले व त्यांनीं 'शिवराज' मंडळी काढिली. पुढें बोडसहि निघाले. इकडे किर्लोस्कर मंडळींत दीनानाथ मंगेशकर नांवारूपास आले, तेहि 1918 सालीं 'बलवंत' मंडळी काढून वेगळे झाले.

कला मात्र या सर्व काळांत बहरतच होती. 1916 सालीं 'स्वयंवर' आलें. 1919 च्या जानेवारींत आमच्या विदर्भांतच, सावनेर येथें, गडकऱ्यांनीं देह ठेविला, आणि त्यानंतर महिन्याभरांत त्यांचा 'एकच प्याला' गंधर्व मंडळीनें रंगभूमीवर आणिला. 8 जुलै 1921 रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व आणि 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले यांनीं मुंबईस संयुक्त 'मानापमान' केलें. प्रतिस्पर्धी मालक एका रात्रीं एका रंगमंचावर उभे राहूं शकले, कारण त्या रात्रीचा पैसा दोघांचाहि नव्हता.

बालगंधर्वांस भरजरी शालू, उंची अत्तर आणि तबल्यास थिरकवांसारखा उस्ताद, यांवांचून चालत नसे. रसिकांस सर्वोत्तम तेंच द्यावें, ही त्यांची वृत्ति उदार खरी. पण "आतां पुरे" असें हक्कानें म्हणणारा भागीदार जवळ उरला नव्हता. कर्ज वाढत गेलें. तशांत बोलपट आला. 1932 सालच्या 'अयोध्येचा राजा'मध्यें हरिश्चंद्र झाले ते हेच टेंबे. आणि 1935 सालीं 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्यें स्वतः बालगंधर्व एकनाथ झाले.

घरांतील तरुण मंडळींस बीटल्सचें उदाहरण अधिक जवळचें वाटेल. लिव्हरपूलच्या या चौघांनीं अवघें जग गाजविलें. त्यांचा व्यवहार पाहणारा ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट 1967 मध्यें वारला, आणि पुढें कारभार कोणाच्या हातीं द्यावा यावरून त्यांच्यांत दुही माजली. एप्रिल 1970 मध्यें ती फाटाफूट जगजाहीर झाली.

दोन्हीकडे सूर बिघडला नव्हता. वडीलकीची जागा मोकळी पडली होती. ज्या घरांत मिळवता एक, वही दुसऱ्याकडे आणि हिशेब विचारणें म्हणजे अपमान, त्या घरांतहि वांटणीची पहिली रेघ अशीच उमटते. घरचा कर्ता हयात आहे, तोंवरच एखाद्या संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसून ती वही उघडावी. त्यांत कोणाचाहि मानापमान नाहीं.