रझांचा ठिपका आणि बोलक्या भिंती

मे महिना लागतो, पोरं मामाच्या गावाला जातात आणि नागपूरकडच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये पेंटर शिरतो. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेवढीच त्याला सवड. पारा ४५ अंशांवर, रंग ब्रशवरच सुकायला लागतो. म्हणून उन्हं तापायच्या आत हात चालवायचा. पोपडे खरवडायचे, प्रायमर मारायचा, वर ऑइल पेंट. जूनअखेर पोरं परततात तेव्हा भिंतींवर पाढे, बाराखडी, सुविचार, महापुरुष आणि कोपऱ्यात छोटा भीम. सरकारी भाषेत या ‘बोलक्या भिंती’.

या रंगकामाला डोकं दिलं ते वास्तुविशारद कबीर वाजपेयी आणि त्यांच्या ‘विन्यास’ संस्थेने. युनिसेफच्या पाठबळाने ही कल्पना ‘बाला’ या नावाने देशभर गेली. अख्खी इमारतच शिकायचं साधन करायची. दार उघडतं त्या फरशीवर कोनमापक काढा. पोरगं दार ढकलतं आणि ३०, ६०, ९० अंश त्याच्या पायाशी सरकत जातात. पंख्याच्या पात्यांना वेगवेगळे रंग द्या. पंखा फिरला की रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. मोठी झकास कल्पना. पण गावोगाव पोचेपर्यंत तिच्यातलं डोकं गळालं आणि रंग तेवढा राहिला. भिंती बोलतात खऱ्या, पण अखंड. पोरांना मध्ये तोंड उघडायला जागाच नाही. सगळी उत्तरं लिहून ठेवलेली, तीही पक्क्या ऑइल पेंटात!

याच्या अगदी उलट एक भिंत मध्य प्रांतात होऊन गेली. तेव्हा या प्रांताची राजधानी नागपूर. मंडला जिल्ह्यातल्या ककैया गावच्या शाळेत वनखात्यातल्या एका नोकरदाराचा मुलगा शिकत होता. चित्त थाऱ्यावर नाही, अभ्यासात लक्ष नाही. नंदलाल झारिया गुरुजींनी त्याला थांबवून घेतलं, व्हरांड्याच्या पांढऱ्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले, याच्याकडे बघत बस. ठिपका म्हणजे काय, हे काही सांगितलं नाही.

हा मुलगा सय्यद हैदर रझा, जन्म १९२२. पुढे १९३९ ते १९४३ तो नागपूरच्या चित्रशाळेत शिकला, मग मुंबईचं जे. जे., आणि १९५० साली पॅरिस. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर तो ठिपका ‘बिंदू’ होऊन उतरला आणि शेवटपर्यंत हलला नाही. त्यांच्या ‘सौराष्ट्र’ या चित्राला २०१० साली १६ कोटींहून जास्त किंमत आली. गुरुजींचा खर्च शून्य. शाळेसाठी केलेली कला म्हणून मला हा ठिपका आजच्या पन्नास म्युरल्सपेक्षा मोठा वाटतो.

प्रत्येक पोरगं रझा होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण भिंतीने प्रश्न टाकायला काय हरकत आहे? महाराष्ट्राचा नकाशा तर प्रत्येक शाळेत असतोच. त्याच्याच शेजारी दुसरा काढा, दक्षिण वर असलेला. कोल्हापूर वर उजवीकडे, नागपूर खाली डाव्या कोपऱ्यात. अक्षरं मात्र सुलटी, वाचता येतील अशी. पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणणारच, “सर, हे चुकलं!” चुकलं का, ते वर्गाने ठरवावं. अवकाशात वर-खाली कुठलं असतं, इथपर्यंत ते भांडण गेलं तर त्या दिवशीचा तास सार्थकी लागला.

तेव्हा उन्हाळ्याआधीच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत रंगकामाचा विषय निघाला की एवढं करा. व्हरांड्यातली एक भिंत, पोरांचा हात पोचेल तिथपर्यंत, फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवून कोरी सोडायचा ठराव घ्या आणि खाली खडूचा डबा ठेवा. आणि पेंटरला आधीच बजावून ठेवा. कोरी भिंत दिसली की त्याचा हात सुविचार लिहायला शिवशिवतो.