उन्हाला तोटा नाही, हिरवेपणाला आहे

सोलापूर जिल्ह्यात टंचाई पाण्याची. उन्हाची कधीच नाही. म्हणून इथल्या पिकाच्या पानाला दुहेरी काम पडते : ऊन पकडायचे आणि न झेपणारे सोडूनही द्यायचे. दोन्ही कामे पानातल्या रंगद्रव्यांकडे आहेत.

या रंगद्रव्यांचा शोध दोनशे वर्षांचा आहे. १८१७मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी हरितद्रव्य वेगळे काढले. पुढे एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने शैवालाच्या तंतूवर प्रिझममधून रंगपट्टा पाडला, तेव्हा शैवालाने सोडलेल्या ऑक्सिजनच्या ओढीने जिवाणू लाल आणि निळ्या भागात गोळा झाले. खरे काम कोणत्या रंगात चालते, ते कळले. १९०६मध्ये रशियाच्या त्स्वेतने पानाचा अर्क खडूच्या भुकटीतून गाळला आणि हिरव्यामागे दडलेले पिवळे पट्टे वेगळे दाखवले. १९३२मध्ये इमर्सन आणि आर्नोल्ड यांना आढळले, की प्रकाशाच्या एका झोतात हरितद्रव्याच्या सुमारे अडीच हजार रेणूंमागे ऑक्सिजनचा जेमतेम एक रेणू सुटतो.

याचा उलगडा नंतर झाला. बहुतेक रेणू फक्त ऊर्जा गोळा करून शेजाऱ्याकडे सोपवतात. ती केंद्रातल्या हरितद्रव्य ‘अ’पर्यंत पोचली, की तिथून इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याची भरपाई पाण्याच्या विघटनातून होते. ‘अ’ला नीट न पकडता येणाऱ्या छटा हरितद्रव्य ‘ब’ आणि पिवळी कॅरोटिनॉइडे टिपतात.

दुपारी पाणी वाचवायला पानाची रंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, ऊन मात्र येतच राहते. वापराविना साचलेली ही ऊर्जा पानच जाळू शकते. अशा वेळी व्हायोलाझँथिन या पिवळ्या द्रव्याचे झिअ‍ॅझँथिन होते आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकली जाते. ज्वारी आणि ऊस यांच्याकडे आणखी एक सोय आहे. ती कार्बन डायऑक्साइड पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींत एकवटतात, त्यामुळे रंध्रे कमी उघडूनही काम चालते. हा मार्ग हॅच आणि स्लॅक यांनी १९६६मध्ये उसावरच उलगडला. मंगळवेढ्याची ज्वारी पेरणीनंतर जमिनीतल्या ओलीवर दाणा भरते, त्यामागे खोल मुळांइतकाच या पानाचा हात आहे. दाणा भरताना पाने हिरवी राहावीत, हा गुण ज्वारीचे पैदासकार म्हणूनच शोधतात.

हिरवेपणा हरपतो तो बहुधा मुळाशी. हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असते. लोह त्यात नसते, पण लोहाशिवाय तो रेणू घडत नाही. चुनखडीच्या रानात लोह असूनही मुळांना मिळत नाही. मग उसाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. पाणी तुंबले की तो वाढतो. मॅग्नेशियम कमी असेल, तर पिवळेपणा आधी जुन्या पानांवर येतो.

तेव्हा पीक पिवळे दिसताच युरियाचे पोते फोडू नका. आधी कोणते पान पिवळे आहे ते पाहा, माती तपासा, पाणी आवरा. कमतरता लोहाची असेल, तर हिराकस शेणखतात मुरवून द्या किंवा फवारा.