घरच्या घरी गारेगार स्ट्रॉबेरी क्रीम : करायला सोपं, पण गारवा सांभाळा



महाबळेश्वर-पाचगणीला फिरायला आलेला माणूस स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा ग्लास खाल्ल्याशिवाय परत जात नाही. आपल्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण खरं सांगा, आपल्यापैकी कितीजणींनी तो ग्लास स्वतःच्या घरात करून पाहिलाय? वाफ्यात वाकून फळ तोडायचं आपण, डब्या भरायच्या आपण, आणि मऊ पडलेलं, बारीक, वेडंवाकडं फळ पडेल त्या भावाने देऊन टाकायचं तेही आपणच. त्याच फळाचं घरी काय करता येतं ते आज बघू.

पदार्थ सोपा आहे. चुलीवरचं काम दहा मिनिटांचं. पण गेल्या हंगामात एका गटाने जत्रेत स्टॉल लावला आणि दुपारपर्यंत निम्म्या कपांचं पाणी पाणी झालं. चव चांगली होती, हात स्वच्छ होते, चूक झाली ती फक्त गारव्यात. म्हणून कृतीबरोबर तिचं कारणही सांगते. कारण कळलं की चूक होत नाही.

साहित्य (साधारण 10 छोटे कप)

- पूर्ण पिकलेली लाल स्ट्रॉबेरी : अर्धा किलो
- घट्ट चक्का : 300 ग्रॅम (एक लिटर चांगल्या दुधाच्या दह्याचा साधारण एवढा निघतो)
- फ्रेश क्रीम : 200 मिलीचं एक पाकीट, किंवा तेवढीच ताजी साय
- साखर : 150 ग्रॅम (त्यातली 100 ग्रॅम दळून पिठीसाखर करा)
- साधी बिस्किटं : 80 ग्रॅम
- लिंबाचा रस : अर्धा चमचा

मोबाईलवरच्या कृतींमध्ये क्रीम फेटून फेसासारखं फुगवतात. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या पाकिटातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास असतो, ते कितीही घुसळलं तरी तसं फुगत नाही. त्याला जास्त स्निग्धांशाचं क्रीम लागतं, ते महाग पडतं. म्हणून आपण घट्टपणासाठी चक्का वापरायचा. श्रीखंड तर आपल्या हातातलं आहे!

साय घेणार असाल तर एक-दोन दिवसांचीच घ्या. लोण्यासाठी आठ दिवस साठवलेली साय आंबूस लागते, ती इथे चालत नाही.

कृती

1. चक्का. दही सुती फडक्यात बांधून सहा ते आठ तास टांगा. उन्हाळा असेल तर चाळणीत ठेवून फ्रीजमध्येच निथळू द्या, म्हणजे आंबट होणार नाही. पाणी पूर्ण निघालं पाहिजे. चक्क्यात साखर घातली की तो सैल होतो, हे श्रीखंड करणारीला सांगायला नको. आधीच ओला असेल तर त्याची कढी होईल.

2. फळ धुणं. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, देठ नंतर काढा. आधी देठ काढला की पाणी फळात शिरतं आणि चव पातळ होते. वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवायची, भिजत ठेवायची नाही. मग फडक्यावर पसरून कोरडी करा. लगेच वापरणार नसाल तर न धुताच फ्रीजमध्ये ठेवा, ओलं फळ लवकर बुरशी धरतं. बुरशी आलेलं, वास मारणारं फळ बाजूला काढा. मऊ फळ चालतं, सडकं नाही. आणि पांढरट फळ घरी ठेवून गोड होईल म्हणून थांबू नका. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग धरते, पण आंब्यासारखी पिकून गोड होत नाही.

3. रस. निम्म्या फळाचे तुकडे करा. यात मऊ आणि बारीक फळ घ्या. 50 ग्रॅम साखर घालून मंद आचेवर सहा-सात मिनिटं शिजवा. वेगळं पाणी घालू नका. कैरीला मीठ लावलं की जसं पाणी सुटतं तसंच साखरेने स्ट्रॉबेरीला सुटतं. मिश्रण चमच्याला धरू लागलं की उतरवा, लिंबू पिळा आणि पूर्ण गार करा. कोमट रस क्रीमवर ओतला की क्रीम वितळून खाली बसतं. ही सगळ्यात नेहमीची चूक.

4. क्रीम. पातेलं आणि क्रीम दोन्ही आधी फ्रीजमध्ये गार करून घ्या. चक्का पिठीसाखर घालून पुरणाच्या चाळणीतून काढा, गुठळी राहू देऊ नका. त्यात क्रीम थोडं थोडं घालून हलक्या हाताने एकजीव करा. साय वापरत असाल तर जोरात घुसळू नका, नाहीतर लोणी निघेल आणि ताक हातात राहील.

5. थर. कपात तळाशी बिस्किटाचा चुरा, त्यावर क्रीम, मग गार रस, परत क्रीम. झाकण लावून तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको. राहिलेल्या कच्च्या फळाच्या फोडी देताना वर घाला, आधीपासून नाही. त्यांना साखरेने पाणी सुटतं. आणि गोठलेली फोड वितळली की लिबलिबीत होते.

दोन गोष्टी गिऱ्हाईक विचारणारच

महाशिवरात्र हंगामातच येते. "उपवासाला चालतं का?" असं विचारलं तर बिस्किटात मैदा असतो हे लक्षात ठेवा. उपवासाचे कप बिस्किटाशिवाय करा आणि वेगळे ठेवा.

दुसरं, काही कृतींत घट्टपणासाठी जिलेटिन घालायला सांगतात. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. आपल्या कृतीला त्याची गरज नाही. कुणी घालत असेल तर शाकाहारी माणसाला न सांगता देऊ नये. विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

गारवा म्हणजेच भांडवल

दूध, दही, क्रीम यात जंतू फार लवकर वाढतात. म्हणून हा पदार्थ फ्रीजमध्ये 5 अंशांच्या आत ठेवायचा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेला कप विकायचा नाही, घरच्या पोरांनाही द्यायचा नाही. "चव तर बरी आहे" हा पुरावा नव्हे. बिघडलेल्या पदार्थाला दर वेळी वास येतोच असं नाही.

स्टॉल लावायचा असेल तर थर्माकोलची झाकणाची पेटी घ्या. तळाला बर्फ, मध्ये कप, वर पुन्हा बर्फाच्या पिशव्या. बर्फ सुटा टाकू नका, पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर वितळलेलं पाणी कपात जातं. पेटी सावलीत ठेवा आणि सारखी उघडू नका. नमुना दाखवायला एकच कप बाहेर ठेवा, तो संध्याकाळी टाकून द्यायचा. रात्री केलेले कप दुसऱ्या दिवशी संपवायचे. झाकणावर केल्याची तारीख-वेळ लिहा. रात्री लाईट गेली असेल तर फ्रीज उघडू नका. लाईट किती तास नव्हती ते कळत नसेल तर तो माल विकायला नेऊ नका.

आणि हो, विक्री करायची तर आधी गटाची अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या. कागदपत्रांसाठी ग्रामसंघाच्या बैठकीत विषय मांडा, एकटीने धावपळ करू नका.

हिशोब आधी, स्टॉल नंतर

खाली समजुतीसाठी भाव धरलेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला.

- स्ट्रॉबेरी अर्धा किलो : 80 रुपये
- दूध 1 लिटर : 60
- क्रीम : 75
- साखर : 7
- बिस्किटं : 20
- 10 कप, झाकणं, चमचे : 30
- गॅस, बर्फ, लाईट : 20
- आपली मजुरी : 60

एकूण 352 रुपये, म्हणजे एका कपाला साधारण 35. कप 50 रुपयांना विकला आणि दहाही गेले तर 148 रुपये उरतात. आठ गेले तर 48. आणि सातच गेले तर? दोन रुपये तोटा!

हे आकडे नीट बघा. नफा तीन कपांत आहे, आणि तेच तीन कप उन्हात खराब होतात. म्हणून पहिल्याच दिवशी शंभर कप करू नका. दहा करा, संपले की पुढच्या वेळी वीस. ऑर्डर घेऊन केलं तर आणखी बरं : वाढदिवस, हळदी-कुंकू, शाळेचा कार्यक्रम.

फळ घरचं असलं तरी त्याचे 80 रुपये हिशोबात धराच. बाजारात गेलं असतं तर पैसे आलेच असते ना? मजुरीचंही तसंच. "घरचंच तर काम" असं म्हणून आपण आपला वेळ नेहमी शून्याने गुणतो. गटाच्या वहीत तरी तसं करायचं नाही.

पण विक्री जमो न जमो, एकदा घरी नक्की करा. हंगामभर दुसऱ्यांच्या ताटासाठी निवडून फळ पाठवतो. एका संध्याकाळी दहा कप भरा, सासूबाईंना द्या, पोरांना द्या आणि एक स्वतःसाठी आधीच बाजूला काढून ठेवा. सगळ्यांचं झाल्यावर भांड्याला लागलेलं चाटून आपण समाधान मानतो, या वेळी तसं नको.

पुढच्या बैठकीत येताना दोन गोष्टी लिहून आणा : तुमच्या गावच्या भावाने एक कप केवढ्याला पडला, आणि किती वेळ गार राहिला. सगळ्यांचे आकडे एकत्र आले की स्टॉल लावायचा की नाही ते आपल्यालाच ठरवता येईल.